कोरडी माती

टँकरच्या नळातून धार बारीक झाली, मग थेंब आले, मग नुसती हवा. तळाशी उरलेल्या पाण्याने पाच लिटरचा एकच कॅन भरला. त्या कॅनसमोर दोन माणसं उरली होती: कोपरापर्यंत मातीने भरलेला एक म्हातारा आणि त्याच्यामागे त्याची शेजारीण.

पाणी शहरातल्या मशिदीच्या कमिटीने पाठवलेलं. घरटी एक कॅन, जात-धर्म विचारायचा नाही, असा चोख नियम. टँकर खरं तर कालच यायचा होता. पण बॅनरवर एका देणगीदाराचं नाव राहून गेलं, आणि नवा बॅनर येईपर्यंत भरलेला टँकर मशिदीच्या दारात उभा राहिला. भली माणसंही कधी कधी अशी अक्कल गहाण टाकतात.

"यादीत तुमची दोन्ही घरं आहेत," कमिटीतर्फे टँकरसोबत आलेला कापडवाला म्हणाला. "पण एवढंच उरलंय, चाचा. चाचींना सांगा, परवा परत येतो."

"ती सकाळी गेली," म्हातारा म्हणाला. "कबर खणत होतो, म्हणून उशीर झाला. मला प्यायला नको. तिला आंघोळ घालून पाठवायचंय."

काल, काल, एवढंच कापडवाल्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

"चाचा, मी चाचीजवळ बसले होते, म्हणून मलाही उशीर झाला," शेजारीण म्हणाली. "घरात सहा तोंडं आहेत. धाकटी तापाने फणफणलीय. नाहीतर असं मागितलं असतं का मी?" बोलताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती, पण ती बोलली.

"अर्धं-अर्धं करा," ड्रायव्हर म्हणाला.

"अर्ध्यात मय्यत भिजत नाही, नि सहा जणांची तहान भागत नाही," म्हातारा म्हणाला.

कापडवाल्याने आवाज खाली आणला. "पाणी नसेल तर कोरड्या मातीवर हात टेकवून तेच हात तिच्या चेहऱ्यावरून, हातांवरून फिरवले तरी चालतं. धर्मानेच मोकळीक दिलीय."

"ठाऊक आहे. पाणी नसेल तर." म्हाताऱ्याने कॅनकडे बोट केलं. "मग पाणी नाही असं म्हणा. तुमच्या तोंडाने. एकदा म्हणा, मी जातो."

कॅन काठोकाठ भरलेला होता. कापडवाल्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांना हसत हसत खोटं सांगितलं होतं. हे एवढंसं त्याच्या घशातून निघेना.

"पाणी नाही, चाचा," तो शेवटी म्हणाला.

शेजारणीने मान खाली घालून कॅन उचलला.

टँकरखाली गळून चिखल झाला होता. म्हातारा तिथून लांब, उन्हात जाऊन बसला. डोक्यावरची टोपी काढून त्याने तीत दोन ओंजळी कोरडी माती भरली. बाईच्या मय्यतीला बाईमाणसाचेच हात लागायला हवेत, आणि चाचीचं करणारी दुसरी कुणी नव्हती. तो उठला आणि टोपी त्याने शेजारणीच्या मोकळ्या हातात ठेवली.

"आधी पोरीला पाणी पाज," तो म्हणाला. "मग हे घेऊन ये."