बॉक्स बोलला की

पाठवणारी: मिनल, चिखली. आत: चिनी मातीचे सहा कप, माझी पहिली ऑर्डर. नाजूक. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, टेप लावली, बॉक्स कानाशी धरून हलवला. चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनशेजारी त्यांनी अठ्ठावीस वर्षं पॅकिंग केलं. नियम एकच, बॉक्स बोलला की उघडायचा. लहानपणी माझा शाळेचा डबाही ते असाच हलवून बघत. "गप्प आहे. पाठवून दे," अण्णा म्हणाले. मला मात्र किणकिण स्पष्ट ऐकू आली. पार्सल न्यायला आलेला विक्की हसला, "काका, कप नाचतायत की आत!" अण्णांनी त्याच्याकडे पाहून नुसती मान डोलावली. मशीनने त्यांचे कान कधी नेले, मला कळलंच नव्हतं. त्यांना विक्कीसमोर कसं सांगू? मी त्यांचा तळहात बॉक्सवर ठेवला आणि बॉक्स हलवला. अण्णांची बोटं ताठली. "बोलतोय गं पोरी," ते म्हणाले, "कात्री आण."