वरचे दात

माझ्या लेकाला वरचे दात आधी आले. असे दात मामाने पाहिले तर मामाच्या जिवावर बेततं, असं आमच्यात मानतात. म्हणून दाराला कडी घातली. कुणी सांगितलं नव्हतं, मीच घातली. भाऊ मला एकच. त्याच्या आधीचे चार मुलगे गेले, म्हणून आईने याचं नाव दगडावरून दगा ठेवलं. दगड समजून तरी मरण याला सोडून देईल. त्या दिवशी तो तापी ओलांडून लोणखेड्याला माझ्या सासरी आला, उष्टावणासाठी चांदीची वाटी घेऊन. "ताई, दार उघड. भाचाले खीर खावाडाले येल शे मी." पोराला पदराखाली घेऊन मी आतूनच म्हणाले, "त्याले वरना दात पहिले उनात, भाऊ. खालना येतीन तवय ये." तो हसल्याचं ऐकू आलं. वाटी उंबऱ्यावर ठेवून निघाला, पुन्हा वळून आला, जरा थांबला आणि गेला. महिन्याभराने पाजताना पोर खालच्या नव्या दातांनी कचकन चावलं. डोळ्यांत पाणी आलं तरी मी हसले आणि लगेच गड्याकरवी निरोप धाडला: ये. गडी संध्याकाळी एकटाच परतला. माहेरी पटकीची साथ आली होती. दगाला जाऊन तीन दिवस झाले होते. त्या वाटीतून खीर मग मीच भरवली. आता लेक विचारतो, मामा दिसायला कसा होता? मी चेहरा आठवायला जाते आणि डोळ्यांपुढे येतात ते दाराखालच्या फटीतून दिसलेले धुळीने माखलेले दोन पाय, जाता जाता परत वळलेले.