आपली चावी

"'नको'वर दाब अन् मोकळी हो," भाकरी थापता थापता आई म्हणाली.

तनुजाने बाबांचा फोन स्वतःकडे ओढला. "'नको' दाबलं की चावी कायमची जाते, आई. मग तो निरोप कुणालाच उघडता येणार नाही."

बाबा झोपेतच गेले, त्याला महिना झाला होता. लोह्याच्या घरून आणलेल्या त्यांच्या फोनमध्ये एकच कुलूपबंद निरोप होता. उघडायला गेलं की चौकट यायची: 'आपली सामाईक चावी आयात करावी का?' खाली 'हो' आणि 'नको'. फोनने असं काही विचारलं की बाबा तो पालथा ठेवून शेताकडे निघून जायचे.

चौकटीतलं वाक्य तनुजाचंच होतं. नांदेडच्या ज्या कंपनीने हे निरोपांचं ॲप बनवलं, तिथला मराठी मजकूर तीच लिहायची. 'हो' दाबणं तिच्या हातात होतं. पण बाबांनी कुलूप लावून ठेवलेला निरोप आईसाठीच असणार. तो आईने स्वतः उघडावा असं तिला वाटत होतं.

"यातलं काय कळत नाही ते तरी सांग."

"आयात म्हंजे बाहेरदेशातून डाळ आणतेत, ते ना?"

"बरं, ते काढते. आणि सामाईक?"

"सामाईक म्हणलं की भांडण. आपल्या विहिरीचं इसरलीस? तुझ्या काकानं मोटरच उपसून नेली होती. अन् वर तुझ्या बाबांनाच म्हणला, भागवत, पाणी लई कमी झालंय."

दोघी हसल्या. मग बाबांवाचून हसलो हे लक्षात येऊन आई पुन्हा भाकरी थापू लागली.

तनुजाने वाक्य बदलून वाचून दाखवलं. 'आपली दोघांत मिळून असलेली चावी घ्यायची का? घेतली तर निरोप वाचता येईल.'

"नको," आई म्हणाली.

"बाबांचे शब्द आहेत गं त्यात."

"त्यांचे शब्द मला पाठ हायेत."

आई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि डब्यातून आणखी पीठ घेऊन परत बसली. त्या गुडघ्यांच्या इलाजासाठीच ती वर्षभर लेकीकडे राहत होती आणि बाबा लोह्याला शेती बघत होते. दवाखान्यात ती एकटीच जायची. तिथल्या रांगेत तुझा दिवस कशाला मोडायचा, म्हणायची.

तनुजा पुन्हा वाक्याकडे वळली. आता तिला 'आपली' हा शब्द खटकला. आपली म्हणजे तुमची, की आपल्या दोघांची? आदर म्हणून लिहिलेल्या शब्दाने चावी कुणाची, हेच झाकलं होतं.

"देणाऱ्याचं नाव लिहायला हवं," ती म्हणाली. "आणि त्याने निरोपाला काय नाव दिलंय, तेही."

आईचा हात पिठात थांबला. "सगळंच उघडं करून कसं चालंल? माणसाचं काही झाकलेलं राहू द्यावं की."

"कळल्याशिवाय माणूस 'हो' म्हणेल कसा?"

"आण इकडं. मीच दाबते."

आईचं पिठाचं बोट 'नको'कडे जाताना दिसलं आणि तनुजाने फोन उचलून घेतला. हिला अजूनही कळलेलं नाही, तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने नवा मजकूर घातला, बाबांच्या फोनवर चढवला आणि न उघडताच घरी आणला. पहिल्यांदा तो आईनेच वाचायला हवा होता.

"घे. आता कुणालाही कळेल."

आईने फोन हातात घेतला नाही. "मला पयल्याच दिवशी कळलं होतं, तनू," ती हळूच म्हणाली. "ठेव तो."

"मग मीच वाचते," म्हणत तनुजाने चौकट उघडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"चावी देणार: सिंधू. चावी घेणार: भागवत. निरोपाचं नाव: माझा रिपोर्ट आला, कॅन्सरच हाय, तनूला सांगू नका."