घोट्याएवढी आग

गावाच्या जुन्या चराईच्या रानात वाघाने मनकर्णाला रायमुनियाच्या काटेरी झुडपांत ओढून नेलं. आतून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. तिचा नवरा सोमाजी याने काडेपेटी काढली. सोबत आलेल्या वनरक्षकाने त्याचा हात धरला.

"आग नको, भाऊ. बाई जित्ती आहे."

"म्हणूनच लावतो. इथची आग घोट्याएवढी राह्यते. दर उन्हाळ्यात लावत होतो, पोरं ओलांडत होती. वाघ तेवढा पळते."

"तवा इथी गवत होतं, आता ही वाळली झुडपं माजली."

"चराई तुम्ही बंद केली, आग तुम्हीच बंद केली!" सोमाजीने खांद्यावरच्या कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला आणि काडी ओढली.

ज्वाळा पुरुषभर उठल्या. वाघ एका झेपेत बाहेर पडला आणि जंगलात गेला.

आतून मनकर्णा ओरडली, "गेला जी वाघ! आता विझवा!"