हरल्याची जिलबी

"पालकांनी बाहेर थांबायचं, काका," लॉ कॉलेजच्या खिडकीतली मुलगी म्हणाली.

"प्रवेश मलाच हवाय," पन्नाशीतले दिगंबरराव म्हणाले. रांगेतली पोरं हसली, तेही हसले.

त्यांच्या घरात नियम होता, वादात हरेल त्याने जिलबी आणायची. जन्मभर त्यांनीच आणली. आजारपणात त्यांची बायको कुसुम म्हणाली होती, "अहो, वकील व्हा. प्रवेश नक्की मिळेल." ते म्हणाले होते, "या वयात? शक्यच नाही." त्या वादाचा निकाल लागण्याआधीच ती गेली.

मुलीने संगणकात पाहिलं. "झाला की तुमचा प्रवेश."

दिगंबरराव जिना उड्या मारतच उतरले आणि थेट हलवायाकडे गेले.

"वर्षभराने आलात, काका," हलवाई चाचरत म्हणाला. "आज कोणाशी हरलात?"

"तिच्याशीच," दिगंबरराव हसत म्हणाले. "गरम दे बाबा, तिला गार चालत नाही."