सोमवारची बातमी

दर सोमवारी माझ्या दुसरीतली पोरं घरची एकेक बातमी सांगतात. मी ती फळ्यावर लिहितो, मग सगळे मिळून वाचतात. पहिल्या बाकावरच्या चिंगीचे आईबाबा वेगळे राहतात. तिची बातमी ठरलेली: 'शनिवारी बाबा भेटायला आले. रविवारी परत गेले.' "सर, हिचं आपलं तेच ते!" पोरं ओरडतात. आज मी ती आधीच लिहून ठेवली होती.

"सर, ते पुसा," चिंगी म्हणाली.

मी डस्टर उचललं. "का गं? बाबा आले नाहीत?"

"आले ना! पण गेलेच नाहीत. आता आमच्याकडेच राहणार आहेत. मग त्याची कसली बातमी?" तिने आ करून दाखवला. "माझा दात पडला, ते लिहा."