नागफणीचं बेट

२०१९ सालच्या डिसेंबरात हरिसिंगने नागफणी तोडायचं ठरवलं. मेडशीजवळच्या तांड्यामागे, त्याच्या शेताच्या वरच्या धुऱ्यावर तिचं मोठं बेट माजलं होतं. उन्हाळ्यात पिवळी फुलं यायची, थंडीत तळहाताएवढ्या फड्यांच्या कडेने लालभडक बोंडं. पाहणाऱ्याची नजर हटत नसे. पण बोंडांवर केसाहून बारीक कुसं असायची. हात लावला की शेकड्यानं घुसायची, आणि दिसायची नाहीत.

हरिसिंगच्या लेकीने, निकिताने, तसाच हात डोळ्याला लावला. त्याच्या आईने, नानीबाईने, ओल्या कणकेचा गोळा नातीच्या पापणीवर फिरवून फिरवून कुसं काढली.

दुसऱ्या दिवशी हरिसिंग कुऱ्हाड घेऊन गेला, तर त्याची आई बेटासमोर मांडी घालून बसलेली.

"याडी, उठ. आज पापणी हाये, उद्या पोरीचा डोळा जाईन."

"पोरीवर मी ध्यान ठेवीन."

"या काट्यायवर कायले एवढा जीव? सोनं पुरलं का खाली?"

"तुही बहीन हाये," नानीबाई म्हणाली.

आपल्याला बहीण होती, हे हरिसिंगने कधी ऐकलं नव्हतं. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

"तू सहा वर्साचा होता. तुले घेऊन तुहा बाप उसावर गेला होता. तांड्यात म्हातारे तेवढे. मले ताप, अंगावर दूध नाही. तिसऱ्या दिवशी गेली. कोल्ह्यानं उकरू नये म्हनून मी वर नागफणी ठेवली. तिनं मूळ धरलं."

तान्ह्या लेकराच्या मातीवर काटे ठेवायची रीत तांड्यात सगळ्यांना ठाऊक होती. हरिसिंगने कुऱ्हाड परत नेली. बेटाभोवती दगड रचले, पोरं आत जाऊ नयेत म्हणून.

त्याच आठवड्यात हुस्नाबानो मंगरूळपीरहून एसटीने आली. चांद बांगडीवाल्याची ही बायको. पूर्वी तांड्यांवर बांगड्या भरायला यायची. आता गुडघे दुखत, तरी वर्षातून एकदा बोंडं न्यायला यायचीच. त्यांच्या सरबताने अंगात रक्त भरतं, असं ती म्हणे. सोबत लेक अफ्रीन.

"यंदा बोंडं कमी दिसून राह्यली, नानीबाई. लपवली का?"

"तुह्यासाठी कोन लपवते? या पोरीसाठी राखली."

"घे! म्हनजे मी फुकटच बसचे धक्के खाल्ले."

अफ्रीन चिमट्याने बोंडं तोडत होती, तरी बोटात कुसं गेलीच. नानीबाईने तिचा हात मांडीवर घेतला, कणीक फिरवली. कुसं निघाली तरी हात सोडला नाही.

"सोड आता," हुस्नाबानो हळूच म्हणाली. "बस चुकन."

२०२१ च्या पावसाळ्यात नानीबाई गेली. चांदचं दुकान आता पुतण्या तौसीफ पाहतो. निकिता वाशीमला हायस्कूलमध्ये आहे. डोळा शाबूत आहे. अफ्रीन रिसोडला दिली, तिला दोन मुलगे झाले.

२०२३ मध्ये शेतरस्ता मंजूर झाला, तो नेमका बेटावरून. हरिसिंगने हुस्नाबानोला फोन करून सांगितलं, बोंडं न्यायची तर ही शेवटची. ती माहेरपणाला आलेल्या अफ्रीनला घेऊन आली.

जेसीबीने बेट उपटलं. हरिसिंगने यंत्र थांबवलं. बहिणीची हाडं आईच्या समाधीशेजारी पुरायची म्हणून त्याने कोरं पांढरं कापड आणलं होतं. कुदळ घेऊन तो स्वतः खड्ड्यात उतरला. गुडघाभर खणलं, कमरेइतकं खणलं. खाली सगळा अखंड मुरूम. त्याला आजवर कुणाची कुदळ लागलीच नव्हती.

कोरं कापड हातात घेऊन तो वर आला, तेव्हा हुस्नाबानोने अफ्रीनच्या पाठीवर हात ठेवला.

"जा, बेटा. भाऊ हाये तुहा. सख्खा."